मारव्याचा रंग तक्त्यात शोधू नका

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी कराडजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. ए.टी.डी. झाल्यावर जी.डी. आर्टही पूर्ण केलं. लहानपणी काही वर्षं गाणं शिकले. ते सुटलं, पण ऐकणं सुटलं नाही. गाणं ऐकताना मला रंग दिसतात. दिसतात की सुचतात, हे मात्र नीट सांगता येत नाही. मारवा लागला की गेरूकडे झुकणारा तांबडा, भूप म्हणजे पांढऱ्यात थोडा पिवळा मिसळावा तसा. येत्या उन्हाळ्यात भूप, तोडी, मारवा, मेघ, सोहनी आणि भैरवी या सहा रागांवर सहा चित्रं करून प्रदर्शन भरवायचं ठरवलंय. चित्रांच्या जोडीला वास आणि स्पर्शही हवा आहे. वाळा, गेरू, हळद असं काही डोक्यात घोळतंय. माझे जुने सर म्हणतात, “रागाला रंग नसतो, ही परदेशी फॅशन आहे.” मैत्रीण म्हणते, सात स्वरांना सात रंग ठरवून टाक आणि त्याप्रमाणे रंगव, म्हणजे कुणी प्रश्न विचारणार नाही. असा अधिकृत तक्ता कुठे मिळेल? मला रंग खरोखर दिसत नसतील, नुसतेच सुचत असतील, तर हे सगळं खोटं ठरेल का? आणि चित्राखाली रागाचं नाव लिहावं की नाही?
स. पा., कराड

उत्तर

प्रिय स. पा.,

तक्ता हवाच असेल तर एक आपल्या अंगणातलाच आहे. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचा विद्वान होता. राज्याचा हिशेब सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं आणि ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथही त्याचाच. त्यात त्याने सातही स्वरांना रंग दिले आहेत. षड्ज कमळाच्या रंगाचा, ऋषभ पिवळट तांबूस, गंधार सोनेरी, मध्यम कुंदाच्या फुलासारखा पांढरा, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषाद कबरा, म्हणजे नाना रंगांचा. तुमच्या मैत्रिणीला हवा आहे तसाच तक्ता, आणि तोही सातशे वर्षांहून जुना.

तरी तो चित्रासाठी वापरू नका असंच मी सांगेन. शार्ङ्गदेव स्वरांना नुसता रंग देऊन थांबत नाही. प्रत्येक स्वराला तो देवता देतो, ऋषी देतो, छंद देतो, कूळ आणि द्वीपही देतो. विश्वाच्या मांडणीत प्रत्येक स्वराची जागा कुठली हे त्याला सांगायचं आहे, रंगाच्या ट्यूबा निवडून द्यायच्या नाहीत. शिवाय त्याच्या काळचे शुद्ध स्वर आजच्या शुद्ध स्वरांशी जुळत नाहीत. त्याचा गंधार तो तुमचा गंधार नव्हे. आणि तक्ता शब्दशः पाळायचा म्हटलं तर मारव्याच्या चित्रात काळा रंग येताच कामा नये, कारण मारव्यात पंचम वर्ज्य आणि पंचम काळा. असं का, म्हणून कुणी विचारलं तर “तसं लिहिलंय” यापलीकडे तुमच्याकडे उत्तर नसेल.

बाहेरचे तक्तेही काही वेगळी साक्ष देत नाहीत. न्यूटनने १७०४ साली छापलेल्या प्रकाशावरच्या ग्रंथात रंगांचं वर्तुळ सप्तकातल्या अंतरांच्या प्रमाणात विभागलं. रशियात रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि स्क्र्याबिन हे दोन संगीतकार, दोघांनाही स्वरपट्ट्यांचे रंग जाणवत. डी मेजर ही पट्टी पिवळी, यावर दोघांचं एकमत होतं. पण सी मेजर एकाला पांढरा वाटे तर दुसऱ्याला लाल. त्याच देशातली, त्याच परंपरेतली ही माणसं, आणि त्यांचेही तक्ते जुळत नाहीत. स्क्र्याबिनने तर ‘प्रोमिथियस’ या १९१० च्या रचनेत वाद्यवृंदाच्या स्वरलिपीतच रंगीत प्रकाशासाठी वेगळी ओळ लिहून ठेवली होती. मॉस्कोतला पहिला प्रयोग त्या दिव्यांशिवायच झाला. १९१५ साली न्यूयॉर्कमध्ये रंगीत प्रकाशासह तो सादर झाला.

आता तुमच्या यादीकडे वळू, कारण तक्त्याचा खरा निकाल तिथेच लागतो. तुमच्या सहांत मारवा आणि सोहनी आहेत. त्यांच्या शेजारी पूरिया ठेवून पाहा. तिन्ही रागांत स्वर तेच: षड्ज, कोमल ऋषभ, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत, शुद्ध निषाद. पंचम तिघांतही नाही. तक्त्याप्रमाणे रंगवलंत तर तिन्ही चित्रांच्या पॅलेटवर तेच सहा रंग येतील. पण कान असलेला माणूस या तिघांना एकमेकांत मिसळू देईल का? मारवा ऋषभ आणि धैवतावर उभा राहतो आणि षड्जाला सारखा टाळत राहतो. आता टेकेल असं वाटतं आणि तो बाजूने निघून जातो. दिवस मावळतानाची सगळी बेचैनी त्या न टेकण्यात आहे. पूरिया मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकात रमतो, गंधार-निषाद धरून सावकाश खोल उतरतो. सोहनी रात्रीच्या शेवटच्या प्रहराची. ती तार, म्हणजे वरच्या षड्जाच्या आसपास असते, चपळ आणि थोडी कातर.

तेव्हा मारव्याला मारवा करणारी गोष्ट स्वरांच्या यादीत नाही. कोणता स्वर किती वेळ, कोणाच्या सोबतीने, कोणत्या सप्तकात, कुठून येऊन लागतो, यात ती आहे. चित्रकाराला हे नवं नाही. चित्रकार आणि शिक्षक जोसेफ आल्बर्सने रंगांच्या परस्परपरिणामांवरचं त्याचं प्रसिद्ध पुस्तक १९६३ साली काढलं. त्यातला मुख्य धडा हाच की एकच रंग दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर दोन वेगळे रंग होऊन बसतो, आणि दोन वेगळे रंग योग्य शेजार मिळाला की एकच दिसू लागतात. शाळेत मुलांना तुम्ही राखाडी चौकोन काळ्यावर आणि पांढऱ्यावर चिकटवायला लावतच असाल. तानपुऱ्याशिवाय कोमल ऋषभाला अर्थ नाही, आणि पार्श्वभूमीशिवाय तांबड्याला नाही. तुमच्या दोन्ही विद्या इथे एकमेकींना भेटतात. स्वर आणि रंग यांची जोडी लावण्यापेक्षा स्वरांमधलं नातं आणि रंगांमधलं नातं यांची जोडी लावा.

हे करायचं कसं, ते जरा सविस्तर सांगते, कारण प्रदर्शन त्यावरच उभं राहणार आहे.

आधी ती सहा चित्रं बाजूला ठेवा. पाव इंपिरियल आकाराचे पुष्कळ कागद कापून घ्या आणि मारवा, पूरिया, सोहनी या तिघांवरच काम सुरू करा. ऐकायला आलाप घ्या, आणि शक्यतो वाद्यावरचा: सरोद, सारंगी, सतार. बंदिशीचे शब्द कानावर पडले की हात लगेच ढग आणि झरोके काढू लागतो. रागमालेच्या, म्हणजे रागांवरच्या जुन्या चित्रमालिकांच्या, चित्रकारांनी तो मार्ग जाणूनबुजून घेतला होता. तोडीची वीणाधारी स्त्री आणि तिच्याभोवती जमलेली हरणं, आसावरीचे नाग, मेघाच्या पावसात नाचणारा कृष्ण, अशी दृश्यं त्यांनी रागांना दिली. तो थोर मार्ग आहे. पण तिथे रागाची ओळख त्या दृश्यातून पटते. रंग चित्रशाळेगणिक बदलतात. तुम्हाला रंगालाच बोलतं करायचं आहे, म्हणून शब्द आणि दृश्य दोन्ही काही दिवस दूर ठेवा.

सुरुवात रंगाशिवाय करा. नुसता काळा, पांढरा आणि मधले राखाडी. हे उगाच सांगत नाही. उंच स्वर फिकट, लहान आणि वरचा वाटतो, खालचा स्वर गडद, मोठा आणि जड वाटतो, ही जोडणी बहुतेक सगळ्यांकडे असते. २००६ साली इंग्लंडच्या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की ज्यांना आवाज ऐकून खरोखर रंग दिसतात ते आणि ज्यांना काहीच दिसत नाही ते, दोघेही चढत्या स्वराला अधिक उजळ रंग देतात. लाल की हिरवा यावर माणसांचं पटत नाही. गडद की फिकट यावर पुष्कळसं पटतं. तुमच्या प्रेक्षकाशी तुमचं जे काही न बोलता जुळणार आहे ते मुख्यतः या गडद-फिकटातून. म्हणून पूरियाचं वजन कागदाच्या खालच्या अर्ध्यात, रुंद आणि सलग. सोहनी वर, बारीक, तुटक, मधे कोरा कागद सोडलेली. हे राखाडीत साधलं नाही तर रंगात साधणार नाही.

मग रंग. तिन्ही रागांसाठी सहा ट्यूबा ठरवा आणि त्या बदलायच्या नाहीत असा नेम करा. यलो ओकर, लाइट रेड, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, एखादा हिरवा आणि पांढरा, असं काहीही चालेल. मारव्यासाठी त्यांतला एक ‘घरचा’ रंग मनाशी पक्का करा, ज्यावर डोळा विसावेल असा. आणि तो द्यायचं टाळा. बाकीचे रंग त्याच्या जवळ नेऊन ठेवा, त्याच्याकडे झुकवा, पण तो स्वतः कुठेतरी कडेला एकदाच, अगदी थोडा येऊ द्या. मारव्यातला षड्ज असाच तर वागतो. मला विचाराल तर सगळ्या प्रदर्शनातलं सर्वांत कठीण चित्र हेच असेल, आणि ते जमलं तर बाकीच्या पाचांना वाट सापडेल. तुम्हाला सुचलेला गेरूकडे झुकणारा तांबडा कदाचित हाच घरचा रंग असेल. तसं असेल तर तो पूर्ण कागदभर फासायचा मोह होईल. तो आवरावा लागेल.

रंगाची जात ठरवताना भावना मधे येते, आणि ती आली तर येऊ द्या. २०१३ साली कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतल्या लोकांना बाख, मोझार्ट आणि ब्राम्स यांचं संगीत ऐकवून त्याला साजेसे रंग निवडायला सांगितलं होतं. जलद आणि मेजर, म्हणजे सहसा आनंदी वाटणाऱ्या पट्टीतल्या संगीताला लोकांनी अधिक उजळ, अधिक भडक, पिवळ्याकडचे रंग दिले; संथ आणि मायनर, म्हणजे सहसा उदास वाटणाऱ्या पट्टीतल्या संगीताला मंद, गडद, निळ्याकडचे. संशोधकांना त्यात असं दिसलं की संगीत आणि रंग थेट जोडले जात नाहीत. दोघांनाही एकच भाव असतो आणि त्या भावाच्या दारातून ते एकमेकांकडे जातात. हे पाश्चात्त्य संगीताबद्दल झालं, पण आपल्याकडे भरतमुनींनी रसांना रंग दिले ते काय वेगळं होतं? शृंगार श्याम, हास्य पांढरा, करुण कबुतरी, रौद्र लाल, अद्भुत पिवळा. शार्ङ्गदेवाच्या स्वरतक्त्यापेक्षा हा रसांचा विचार चित्रकाराला अधिक उपयोगी पडेल. भावावरून रंगाकडे येताना नाकारायला आणि बदलायला जागा राहते. तुम्हाला भैरवीतला करुण कबुतरी वाटला नाही तर तो दुसरा घ्या, पण का घेतला ते स्वतःला सांगता आलं पाहिजे.

एक अडचण तुमच्या पत्रात नाही, पण ती येणारच. राग वेळेत उलगडतो आणि चित्र एका नजरेत समोर येतं. रशियन चित्रकार कान्डिन्स्कीने यावर एक उत्तर शोधलं. जानेवारी १९११ मध्ये म्युनिकला त्याने संगीतकार शोनबर्गच्या रचनांची मैफल ऐकली आणि लगेच एक चित्र केलं. ते आज म्युनिकच्याच लेनबाखहाउस संग्रहालयात आहे. एका बाजूला पियानोचा मोठा काळा आकार, आणि त्याच्यापुढून ऐकणाऱ्यांच्या अंगावर लोटत गेलेला पिवळा. कोणता स्वर कधी लागला याची नोंद त्यात कुठेच नाही. मैफलीतून उठताना अंगावर जे उरलं होतं तेवढंच त्याने ठेवलं. तुम्हालाही प्रत्येक चित्रासाठी असं ठरवावं लागेल की या रागाचं शेवटी काय उरतं.

दुसरं उत्तर आपल्या कोकणात आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एका कथेसाठी एकच चित्र काढत नाहीत. सुट्या कागदांची पोथी असते, आणि गात गात एकेक चित्र पुढे धरलं जातं. तोडीसारख्या रागाला, जिथे आलाप आणि द्रुत यांत इतका फरक पडतो, एका मोठ्या कॅनव्हासऐवजी लहान चित्रांची एक ओळ अधिक न्याय देईल. माणूस ती चालत चालत पाहील, म्हणजे वेळ आपोआप आला. सहाही रागांना हे करू नका. एखाद्याला करा.

आता तुमच्या सरांचा आक्षेप. त्यांच्याबद्दल आदर ठेवूनच सांगते, फॅशन परदेशी असेल, पण भूक इथलीच आहे. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय उघडा. ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें’ ही ओवी सगळ्यांना पाठ असते. तिच्या पुढच्या ओव्यांकडे मात्र लक्ष जात नाही. ज्ञानदेव म्हणतात, ‘ऐका रसाळपणाचिया लोभा । कीं श्रवणींचि होति जिभा । बोलें इंद्रियां लागे कळंभा । एकमेकां ॥’ बोलण्यातल्या रसाच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतात आणि इंद्रियांचं आपसांत भांडण जुंपतं. पुढे जीभ म्हणते हा रस आमचा, नाकाला वाटतं हा तर परिमळ, डोळे म्हणतात रूपाची खाण उघडली. शब्द कानासाठी आणि त्यावर सगळी इंद्रियं हक्क सांगायला धावतात. हे इथे, मराठीत, १२९० साली लिहिलं गेलं आहे. सरांना या ओव्या वाचून दाखवा. ते वाद घालतील असं मला वाटत नाही.

आणि तुमच्या वास-स्पर्शाच्या बेताला मी याच ओव्यांवरून मोजेन. इथे इंद्रियं एकाच वस्तूवरून भांडतात. कानाला एक पदार्थ, नाकाला दुसरा, अशी वाटणी ज्ञानदेव करत नाहीत. प्रदर्शनांत मात्र बहुधा वाटणीच होते. भिंतीवर चित्र, कोपऱ्यात स्पीकर, टेबलावर अगरबत्ती. तीन गोष्टी शेजारी ठेवल्या जातात आणि एकीचं दुसरीशी काही घेणं नसतं. तुमच्या चित्रात वास यायचा असेल तर तो रंगाच्याच अंगातून यावा, आणि स्पर्शही त्याच रंगाचा असावा.

गेरू त्यासाठी उत्तम. तो मातीचाच रंग आहे, उन्हाने उडत नाही, बोटांना कोरडा आणि किंचित खरबरीत लागतो, आणि पाण्याचा शिंतोडा बसला की ओल्या मातीचा वास देतो. सारवलेल्या पृष्ठभूमीवर गेरूचा हात दिलात तर डोळा, नाक आणि बोट तिघेही एकाच गोष्टीवर हक्क सांगतील. मारव्याला तुमच्या मनात गेरू आला आहे तर तिथे ट्यूबेतला लाइट रेड सोडून खराच गेरू डिंकात घोटून वापरा.

हळदीबाबत सावध राहा. तिचा पिवळा उन्हात फार लवकर उतरतो, खिडकीजवळ लावलेलं चित्र काही आठवड्यांतच फिकं पडलेलं दिसेल. शिवाय चुन्याशी किंवा साबणाशी गाठ पडली की ती तांबडी होते. कुंकू करायची जुनी पद्धत त्यावरच बेतलेली होती. चुन्याचा हात दिलेल्या पृष्ठभूमीवर हळद लावलीत तर पिवळा मिळणारच नाही. पण हाच गुण हवा असेल तर भूपाच्या चित्रात जाणून वापरा. पिवळ्यातून तांबडा कुठे उगवावा हे चुन्याच्या पाण्याच्या कुंचल्याने ठरवता येतं. फक्त ते चित्र टिकाऊ म्हणून विकू नका.

वाळा मेघासाठी योग्यच आहे, पण ओला वाळा बंद दालनात दोन दिवसांत बुरसतो. रोज सुकवता येईल असा लहान पडदा करा आणि तो चित्राच्या आधी, दाराशी लावा. नाकाची एक सवय असते. एकच वास काही मिनिटांत त्याला जाणवेनासा होतो. त्यामुळे वास दालनभर भरून ठेवण्यात अर्थ नाही. तो वाटेत भेटावा आणि मागे राहावा.

कोणतं इंद्रिय आधी, याचाही विचार करा. २००१ साली बोर्दोच्या संशोधकांनी वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, पण तिच्यात वास नसलेला लाल रंग मिसळून. विद्यार्थ्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. डोळा पुढे गेला आणि नाक मुकाट्याने त्याच्यामागून गेलं. तुमच्या प्रेक्षकाने वाळ्याच्या आधी निळं-करडं चित्र पाहिलं तर त्याला वाळा ‘निळा’ वाटेल, आणि उलट क्रमाने गेला तर कदाचित वेगळंच काही. मी असते तर मेघाच्या बाबतीत नाकाला आधी संधी दिली असती.

स्पर्शासाठी चित्रालाच हात लावू द्यायचं धाडस नको. बोटांचं तेल बसतं, आणि हात लावायला परवानगी आहे हे लोकांना खरंही वाटत नाही. प्रत्येक चित्राच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर, त्याच पृष्ठभूमीचा आणि त्याच रंगाचा तळहाताएवढा तुकडा लावा आणि ‘हात लावा’ असं मोठ्या अक्षरात लिहा. तुकडे जास्तीचे करून ठेवा, झिजले की बदलता येतील. आपल्या भागात दृष्टिहीन गायक आणि गाण्याचे जाणकार असतातच. त्यांच्यापैकी कुणाला उद्घाटनाच्या आधी बोलवा. मारवा, पूरिया, सोहनीचे तुकडे हातात द्या आणि विचारा, कोणता कोणाचा वाटतो? तुमचा स्पर्श नुसती सजावट आहे की त्यात राग उतरला आहे, हे त्यांच्याकडून कळेल तसं दुसऱ्या कुणाकडून कळणार नाही.

खोटेपणाचा प्रश्न तुम्ही शेवटी शेवटी विचारलात, पण तो मनात आधीपासून असावा. एका इंद्रियाला झालेली जाणीव दुसऱ्यात आपोआप उमटणं, याला सिनेस्थेशिया म्हणतात. तो आजार नाही. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात शंभरात सुमारे चार माणसांत त्याचा कुठला ना कुठला प्रकार सापडला, आणि सर्वांत जास्त आढळला तो वारांना रंग असण्याचा. ज्यांना तो असतो त्यांचे रंग वर्षानुवर्षं बदलत नाहीत, आणि तपासणीचा मुख्य आधार हाच आहे. तुम्हीही करून पाहा. काही स्वर, काही राग, काही आवाज यांचे रंग आज लिहा, शक्य तर रंगवून ठेवा, वही कुणाकडे तरी देऊन टाका आणि चार-सहा महिन्यांनी न पाहता पुन्हा करा. बहुतेक सगळे जसेच्या तसे आले तर तुम्हाला ते दिसतात. भाव तोच राहिला आणि रंग बदलले, तर ते तुम्हाला सुचतात.

दोन्हींपैकी काहीही निघालं तरी चित्रं खोटी ठरत नाहीत. कान्डिन्स्कीला सिनेस्थेशिया होता की नाही यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, आणि त्या पिवळ्याला त्याने काही फरक पडत नाही. उलट ज्याला रंग आपोआप दिसतो त्याच्यापुढे वेगळी अडचण असते. त्याला दिसलेला रंग फक्त त्याचा असतो, आणि तो तसाच कागदावर उतरवला तर इतरांसाठी ती निव्वळ माहिती होते. सुचलेला रंग तुम्ही तपासता, बदलता, पुन्हा ऐकता, पुन्हा लावता. चित्र तिथेच घडतं. खोटं एकाच ठिकाणी होईल: वही पडताळून पाहायच्या आधी माहितीपत्रकात ‘मला स्वरांचे रंग दिसतात’ असं छापलंत तर. ‘हे राग ऐकताना मी या रंगांपर्यंत आले’ असं लिहा, ते पूर्ण खरं आहे.

आणि नाव लिहावं की नाही? चित्राखाली लिहू नका. ‘मारवा’ हे अक्षर वाचलं की जाणकार स्वतःला माहीत असलेला मारवा चित्रात पाहू लागतो, आणि ज्याला राग माहीत नाही तो आपल्याला काही कळणार नाही असं समजून पुढे सरकतो. चित्रांना आकडे द्या. बाहेर पडायच्या दाराशी एक कागद लावा, त्यावर आकडे आणि रागांची नावं. उद्घाटनाच्या आधी एका संध्याकाळी तुमच्या शाळेतली दहा-पंधरा मोठी मुलं, शेजारीपाजारी, गाणं शिकणारे दोघं-तिघं असे जमवा. मारवा, पूरिया, सोहनीचे आलाप ऐकवा, तीन चित्रं समोर ठेवा आणि प्रत्येकाला दुसऱ्याशी न बोलता जोड्या लिहायला सांगा. नुसत्या अंदाजानेही सरासरी तीनातली एक बरोबर येते, तेव्हा एकदोघांच्या उत्तरांवर जाऊ नका. जोड्या लिहून झाल्या की एकच विचारा: चित्रातल्या कोणत्या जागेने तुम्हाला हे सांगितलं? बोट कुठे जातं ते टिपून ठेवा. पुष्कळांची बोटं तुम्ही न ठरवलेल्या जागी गेली तर ते चित्र अजून संपलेलं नाही, आणि उन्हाळ्याला वेळ आहे.